मोठी संख्या हाती आली की

तिचे अवयव पाडायला लगेच कॅल्क्युलेटर काढू नकोस. आधी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाड. १४२८५७ घे. १४२ आणि ८५७ यांची बेरीज ९९९, म्हणून संख्येला ९९९ ने, म्हणजे २७ आणि ३७ ने भाग जातो. १००० ला ९९९ ने भागल्यावर बाकी १ च उरते ना! आता त्याच गटांची वजाबाकी, ८५७ − १४२: ७१५, म्हणजे ५ × ११ × १३. ही वजाबाकी १००१ साठी, कारण १००० त्याहून एकाने कमी. आणि १००१ = ७ × ११ × १३. म्हणून ११ आणि १३ नेही भाग जातो, ७ ने जात नाही. (५ हा १००१ चा अवयव नाही, म्हणून त्याचा इथे संबंध नाही, नवखे तिथेच घोटाळतात.) अवयव मिळाले: ३³ × ११ × १३ × ३७. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार कर: विभाजक ४ × २ × २ × २, एकूण ३२.

मग वर्ग कर, तोही हातानेच: २०४०८१२२४४९. शेवटचे सहा अंक (मूळ संख्येत सहा अंक आहेत म्हणून सहा) वेगळे काढ आणि २०४०८ + १२२४४९ कर. पुन्हा १४२८५७! वर्गाचे असे दोन तुकडे मिळवून तीच संख्या परत आली, की ती कापरेकर संख्या. द. रा. कापरेकर आपल्या देवळालीत शाळामास्तर होते. त्यांनी अशा संख्या कागद-पेन्सिलीवर शोधल्या, याचा मला फार अभिमान वाटतो. नाशिकच्या पोरांना हे माहीत असायलाच हवं.

पुढच्या वेळी २९७ आणि ७०३ करून आण.