ड्रिल बिट आणि लेथच्या टूलला लोखंडाचा कीस चिकटून राहतो. टूल गरम केलं तर त्यातलं चुंबकत्व जाईल का?

भाऊ, आधी एकच विनंती, टूल भट्टीत घालू नका. गरम करायचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलं की चुंबकत्व सोडतं. पण एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) ड्रिल सहाशे अंशांच्या पुढे गेलं की मऊ पडायला लागतं. चुंबकत्व जाईल आणि धारही जाईल.

मी यवतमाळ जिल्ह्यात गावी घराच्या मागच्या शेडमध्ये लेथ चालवतो. थ्रेशर, रोटाव्हेटर, पंपाचे शाफ्ट अशी कामं येतात. चिकटलेल्या किसाकडे मीही बरीच वर्षं लक्ष दिलं नाही. मग एका सोयाबीनच्या हंगामात थ्रेशरचा शाफ्ट आला, त्यावर ६२०६ बेअरिंग बसवायचं होतं, म्हणजे ३० मिलिमीटरचं माप. मायक्रोमीटरने ३०.०३ दाखवलं, म्हणून मी अजून एक बारीक कट घेतला. बेअरिंग हातानेच सरकलं, म्हणजे ढिलं बसलं! मायक्रोमीटरच्या तोंडाला किसाचा एक कण चिकटला होता, तोच मापात धरला गेला. शाफ्टवर वेल्डिंग भरून पुन्हा टर्निंग केलं, पण तोवर त्या शेतकऱ्याचा दिवस गेला आणि शेतात मजूर बसून राहिले. ते मला अजून लागतं.

कारण शोधलं तर ते माझ्याच भिंतीवर होतं. कीस गोळा करायला जुन्या स्पीकरचा चुंबक मी टूलच्या फळीजवळ टांगला होता. तुमच्याकडे असं काही आहे का ते आधी बघा. डायल गेजचा मॅग्नेटिक बेस, म्हणजे गेज धरून ठेवणारा चुंबकाचा ठोकळा, ड्रिलच्या खणात ठेवला तरी हेच होतं. मऊ लोखंड, म्हणजे आपली नेहमीची एमएस पट्टी, चुंबकत्व लवकर सोडते. कडक केलेलं पोलाद सोडत नाही, म्हणून ड्रिल, टॅप आणि मोजायची साधनं यांनाच हा त्रास जास्त.

तपासायला होकायंत्र घ्या. काटा ओढला गेला म्हणजे टूल चुंबक झालं असं नाही, साधं लोखंडही काट्याला ओढतं. टूलचं एक टोक काट्याच्या एका टोकाला दूर ढकलत असेल, तरच त्यात चुंबकत्व आहे.

आता ते घालवायचं कसं. एसी करंटच्या कॉइलमध्ये टूल धरायचं आणि कॉइल चालू असतानाच हळूहळू बाहेर ओढत हातभर लांब न्यायचं. आपली लाइन ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा चुंबकाची दिशा उलटते. टूल लांब जाताना प्रत्येक उलटीचा जोर आधीपेक्षा थोडा कमी पडतो आणि शेवटी जवळजवळ काहीच उरत नाही. सगळं काम त्या सावकाश बाहेर येण्यात आहे. टूल आत असताना बटण बंद केलं, तर त्या क्षणी जो जोर असेल तो टूलमध्ये राहून जातो, कधी आधीपेक्षाही जास्त. आपल्याकडे बटण बंद करायला माणूसच लागतो असंही नाही, मधेच लाइन जाते. तसं झालं तर लाइन आल्यावर पुन्हा पहिल्यापासून करा, अर्धवट सोडू नका.

कॉइल विकत आणायची गरज नाही. तालुक्याच्या मोटर वायंडिंगवाल्याकडे सिंगल फेज मोटरचा चांगला स्टेटर, म्हणजे वायंडिंग असलेला बाहेरचा स्थिर भाग मिळतो, त्यातला रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग काढून घ्या. मात्र रोटर नसलेला स्टेटर सरळ २३० व्होल्टवर लावू नका, करंट फार ओढतो आणि वायंडिंग जळतं. डिमरस्टॅटमधून, म्हणजे नॉबने व्होल्ट कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरमधून, कमी व्होल्ट द्या आणि काही सेकंदच चालवा. डिमरस्टॅट असला तर टूल बाहेर ओढायचीही गरज नाही, नॉब सावकाश शून्यावर आणला तरी तेच होतं. नॉब शून्यावर असतानाही शॉक लागू शकतो, म्हणून जोडणी वायंडिंगवाल्याकडूनच करून घ्या आणि स्टेटरला अर्थिंग द्या. पेसमेकर बसवलेल्या माणसाला जवळ येऊ देऊ नका. डिजिटल वर्नियर, मोबाइल आणि मॅग्नेटिक बेस लांब ठेवा.

लेथच्या बेडच्या मागे लागू नका. तिथलं चुंबकत्व बहुधा कमी असतं, रोज कापडाने पुसला तरी पुरतं. स्क्रू ड्रायव्हर तर चुंबक झालेलाच बरा, स्क्रू पडत नाही.

वेल्डिंग करत असाल तर एक बघा. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनवर एसी असल्याने फरक जाणवत नाही, पण इन्व्हर्टर मशीनच्या डीसीवर चुंबक झालेल्या पाइपवर आर्क एका बाजूला पळतो. अर्थ क्लॅम्पची, म्हणजे कामाला लावायच्या वायरच्या चिमट्याची, जागा बदलून बघा. आणि तो क्लॅम्प लेथच्या बेडवर कधी लावू नका, करंट स्पिंडलच्या बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होतं.

तुमच्या ड्रिलवर कीस नेमका कुठे चिकटतो, टोकाला की सगळ्या लांबीभर, ते लिहा. पितळ किंवा ॲल्युमिनियमचा कीस चिकटत असेल तर ते चुंबकत्व नाही, तेल आणि तापलेली धार आहे, त्याचा उपाय वेगळा.