थायरॉइडचे किलो किती आणि शेवेचे किती?

प्रश्न: ताई, वय 41, दोन वर्षं थायरॉइडची गोळी चालू आहे तरी वजन 9 किलो वाढलंय. सकाळी चहाबरोबर गोळी घेते, त्यावरच कॅल्शियमची पण घेऊन टाकते म्हणजे विसरायला नको. कोबी, फ्लॉवर कधीचा बंद केलाय. सासूबाई म्हणतात थायरॉइडवाल्यांचं वजन उतरतच नाही. डोस वाढवून घेऊ का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर: अगं, घोळ चहाच्या कपातच आहे बघ! ही गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि मग अर्धा ते एक तास काही नाही, चहाचा घोटसुद्धा नाही. कॅल्शियम किंवा आयर्नची गोळी तर निदान 4 तासांनी, नाहीतर ती थायरॉइडच्या गोळीला पोटातच धरून बसते, रक्तात नीट जाऊ देत नाही, मग डोस कागदावर पुरेसा आणि अंगात कमी. आधी हे सुधार, डॉक्टरांना सांग, आणि 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, कर, त्याच्या आधी केलंस तर आकडा अजून स्थिरावलेला नसतो. रात्री घेणं पण डॉक्टरांना विचारून चालतं, पण जेवणानंतर 3 तास पोट रिकामं हवं, आणि रात्री साडेदहाला सराफ्याच्या खाऊबाजारात जाऊन गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाणाऱ्या आपल्या इंदूरच्या लोकांना ते कसं जमायचं देव जाणे.

आता वजन. थायरॉइड कमी पडल्याने वाढणारं वजन साधारण 2 ते 5 किलो, त्यातही बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ. म्हणजे 9 च्या 9 किलो त्याच्या नावावर टाकता येणार नाहीत. टीएसएच ताब्यात आलं की बाकीचं वजन चारचौघांसारखंच उतरतं, हळूहळू, पण उतरतं, सासूबाईंना खुशाल सांग. पोह्यांवर मूठभर शेव, वरणभातावर शेव, चार वाजता चहाबरोबर पुन्हा शेव, वर रविवारी जिलेबी, हे आपल्याकडे कोणी खाण्यात धरतच नाही ना! एक आठवडा फक्त शेव वहीत लिहून बघ. आणि कोबीने काय बिघडवलंय तुझं? शिजवलेला, नेहमीच्या प्रमाणात बिनधास्त खा.

वजनासाठी मनाने डोस मात्र वाढवायचा नाही, छाती धडधडते, हाडं ठिसूळ होतात. पुढच्या वेळी टीएसएचचा आकडा आणि पाळी नियमित आहे का तेवढं लिही, चाळिशीत ते पण बघावं लागतं.