द्रुतगती कॅमेरा की मंदगती कॅमेरा?

प्रश्न असा आहे: संशोधनात वापरतात त्या हाय-स्पीड कॅमेऱ्याला मराठीत 'द्रुतगती कॅमेरा' म्हणावे का? कॅमेरा तर तिवईवर जागच्या जागी उभा असतो आणि त्याने टिपलेले दृश्य उलट अगदी सावकाश उलगडते. मग 'मंदगती कॅमेरा' हेच बरोबर नाही का?

माझे मत 'द्रुतगती'च्या बाजूने आहे. 'द्रुतगती मार्ग' आपण सहज म्हणतो. तिथे रस्ता हलत नाही, गाड्या धावतात. 'जलदगती न्यायालया'त खटले भराभर चालतात. तसे या कॅमेऱ्यात चौकटी, म्हणजे चित्रणातली एकेक स्थिर चित्रे (फ्रेम), भराभर टिपल्या जातात. फिल्मच्या काळात तर हे विशेषण शब्दशः खरे होते, कारण फिल्मची पट्टीच आतून सुसाट पळायची.

मधमाशीचे पंख सेकंदाला सुमारे २३० वेळा हलतात. सेकंदाला २५ चौकटी टिपल्या, तर हाती लागतो नुसता धूसर पट्टा. त्याच ५००० टिपल्या, तर पंखांच्या एका फेऱ्याला वीसेक चौकटी मिळतात. पुढे हे चित्रण २५ च्या दराने दाखवले की काळ २०० पट ताणला जातो आणि तो एक फेरा पडद्यावर जवळजवळ सेकंदभर चालतो. पंख कसा वळतो, कुठे पीळ घेतो, सगळे दिसते. म्हणजे टिपणे द्रुतगती, दाखवणे संथगती. क्रिया दोन आहेत, म्हणून शब्दही दोन हवेत.

दाखवण्यासाठीही मी 'मंदगती'पेक्षा 'संथगती' घेईन. 'मंद' म्हटले की मंद प्रकाश आठवतो, आणि जिथे सगळा खेळ प्रकाशाचाच आहे तिथे हा घोटाळा नको. 'संथ'मध्ये पाण्यासारखे अखंड वाहणेही आहे.

एकच छायाचित्र असेल तर मात्र गोष्ट वेगळी. १८५१ साली टॅल्बट या आद्य इंग्रज छायाचित्रकाराने फिरत्या चाकावर चिकटवलेल्या वर्तमानपत्राच्या पानाचे छायाचित्र विजेच्या ठिणगीच्या उजेडात घेतले. तिथे चौकटींचा दर नाहीच; चलाखी त्या ठिणगीच्या अल्प आयुष्याची. एजर्टन या अमेरिकी अभियंत्याने टिपलेला, दुधाचा थेंब आपटून उसळलेला मुकुटही असाच, फ्लॅशच्या निमिषभर लखलखाटातला. अशा छायाचित्राला 'क्षणचित्र' म्हणायचा मोह होतो, पण तो शब्द समारंभांच्या बातम्यांनी आधीच घेतला आहे. 'क्षणदीप्ती छायाचित्र' मला आवडते.

लेखात नुसते 'द्रुतगती' लिहून मात्र भागत नाही. सेकंदाला ९०० मीटर जाणारी गोळी सेकंदाच्या हजाराव्या भागात ९० सेंटिमीटर पुढे सरकते. ती रेखीव दिसायला चौकटीने मायक्रोसेकंदभरच, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापुरताच, प्रकाश घ्यायला हवा. म्हणून 'सेकंदाला इतक्या चौकटी' आणि 'दर चौकटीला इतका प्रकाशकाल' हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यावेत.