ऑपरेशनच्या टेबलावर सोनोग्राफी कशासाठी?

प्रश्न असा : "अंगणातल्या शेवाळावरून घसरून आजोबांचा खुबा मोडला. रत्नागिरीत ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञांनी पोटावर सोनोग्राफी का लावली?"

पोट बघायला नव्हे, अंगात पाणी कितपत आहे याचा अंदाज घ्यायला. छातीच्या हाडाखाली प्रोब टेकवला की यकृतामागून हृदयाकडे जाणारी मोठी शीर, म्हणजे आयव्हीसी, दिसते. माणूस स्वतः श्वास घेत असताना ती २.१ सेंमीपेक्षा बारीक असेल आणि श्वास आत घेताना निम्म्याहून जास्त मिटत असेल, तर पाणी कमी पडत असण्याची शक्यता असते. खुबा मोडून दोन दिवस धड न जेवलेल्या म्हाताऱ्या माणसात हे नेहमीचंच. त्यात कमरेतून भूल दिली की रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी धाडकन पडतं. आधीच बघून ठेवलेलं बरं.

व्हेंटिलेटरवर गणित उलटं, श्वास आत ढकलला की शीर फुगते. पोटाच्या ऑपरेशनमध्ये ती जागाच सर्जनच्या ताब्यात! मग गरज पडल्यास अन्ननलिकेतून प्रोब घालून हृदय बघतात.

नुसत्या शिरेवर माझा भरवसा नाही. निरोगी माणसाचीही ती मिटते, म्हणून लगेच सलाइनच्या बाटल्या चढवायच्या नसतात. मी हृदयाचं आकुंचन आणि फुप्फुसंही बघतो. बरगड्यांच्या एकाच फटीत ३ किंवा जास्त बी-लाइन्स (फुप्फुसात पाणी साचू लागल्याची शक्यता सांगणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेघा) दिसल्या, की सलाइनचा हात आखडता.

(जाता जाता : गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४च्या कायद्यामुळे या मशीनला नोंदणी लागते, या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात ते सहज नेता येत नाही. तुमच्याकडे होतं हे चांगलं.)