आधी दावा काढून घ्या, मग पैसे देतो

शिरोली एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय. गुळाच्या एका व्यापाऱ्याला त्यांनी ऑगस्ट ते ऑक्टोबर 2022 मध्ये माल दिला. 1 लाख 96 हजारांची बिलं थकली. जुलै 2025 मध्ये दावा लावला, व्याज धरून मागणी 2 लाख 60 हजारांच्या घरात. व्यापाऱ्याचं म्हणणं, खोकी कच्ची होती, ढेपांच्या वजनानं दबली. तारीख बारा दिवसांवर आली असताना व्यापाऱ्याच्या भाच्यानं व्हॉट्सॲपवर निरोप धाडला: दावा काढून घ्या, तीन हप्त्यांत 1 लाख 20 हजार देतो. असली पत्रं मला नेहमी येतात. माल बदलतो, निरोप तोच.

1 लाख 20 हजारांवर मिटवावं का, असं तुम्ही विचारलंय. ते तुमच्या गरजेवर आहे, मी काय सांगणार? पण जे विचारलं नाहीत तिथंच सगळं अडकलंय. दावा आधी काढून घ्यायचा नाही. हप्ते सुरू झाले तरी नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 23, नियम 1 सांगतो, की कोर्टाच्या परवानगीशिवाय दावा सोडलात तर त्याच कारणावर पुन्हा दावा लावता येत नाही. "मग परवानगी घेऊन काढतो," असं म्हणाल. त्याच आदेशाचा नियम 2 वाचा. परवानगी मिळाली तरी नव्या दाव्याची मुदत पहिला दावा कधी लावलाच नव्हता, असं धरून मोजतात. तुमचं शेवटचं बिल ऑक्टोबर 2022 चं. दावा लावायची तीन वर्षांची मुदत ऑक्टोबर 2025 मध्ये संपली. महिन्याभराची उधारी ठरली होती असं धरलं तरी नोव्हेंबरात. म्हणजे आज तुमचं येणं या चालू दाव्यामुळेच जिवंत आहे. तो काढलात की भाच्याला हप्ता द्यायची गरजच उरत नाही. मुदत गेलेलं देणं फेडण्याचं लेखी, सहीचं वचन दिलं तर करार कायद्याच्या कलम 25 नुसार तो नवा करार होतो, हे खरं. पण ते वचन घेऊन तुम्ही पुन्हा रांगेच्या शेपटाला उभे राहणार. आणि इथं तर सहीच नाही, भाच्याचा मेसेज आहे.

तडजोड करायची तर नियम 3 नं करा. तडजोड लेखी हवी, त्यावर दोघांच्या सह्या हव्यात, ती कोर्टात दाखल व्हावी आणि तिच्यावर हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा निकालाचा आदेश, निघावा. सही खुद्द व्यापाऱ्याची, भाच्याची नव्हे. पेढी भागीदारीची असेल तर सगळ्या भागीदारांची, किंवा त्यांनी तसा अधिकार दिलेल्या भागीदाराची. मग हप्ता चुकला तर नवा दावा नको, सरळ दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याप्रमाणे वसुली करून द्या असा कोर्टात अर्ज, आणि तिला बारा वर्षांची मुदत असते.

मजकूर मात्र नीट लिहून घ्या. "1 लाख 20 हजारांवर मिटले, हप्ता चुकल्यास 2 लाख 60 हजार" असं लिहिलंत तर उद्या समोरचा वकील ही जादा रक्कम म्हणजे दंड आहे, असा वाद घालेल. उलट्या बाजूनं लिहा: प्रतिवादीस दाव्याची पूर्ण रक्कम मान्य आहे; अमुक तीन तारखांना 1 लाख 20 हजार वेळेत भरल्यास वादी बाकीची सूट देतो; एकही हप्ता चुकल्यास सूट रद्द होऊन, भरलेली रक्कम वजा जाता उरलेली सगळी रक्कम दरखास्तीनं वसूल होईल. व्यापारी पहिल्या वाक्याला अडेल. अडू दे, पण त्यावरून त्याचा हेतू कळेल. पहिला हप्ता सहीच्या दिवशीच घ्या, बँकेतून.

लोकअदालत जवळ असेल तर तिथंही हे होतं. तिचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही, आणि कोर्ट फी परत मिळते. परताव्याचं नेमकं प्रमाण वकिलाला विचारा. सूट दिलेल्या रकमेवरचा जीएसटी सीएला विचारा. बिलाची रक्कम कमी करणाऱ्या क्रेडिट नोटची मुदत बहुधा टळलेली आहे.

खोकी कच्ची होती, या बचावाचं काय होईल, ठामपणे सांगता येत नाही. माल ठेवून घेतला, वापरला आणि पहिली तक्रार नोटिशीच्या उत्तरात केली, हे तुमच्या बाजूचं. तरी नुकसानीपोटी काही वजावट तो मागू शकतो. पण डिलिव्हरी चलनावर गोदामातल्या हमालाचीसुद्धा सही तुम्ही घेतली नाहीत! खोकं तीन प्लायचं (थरांचं) की पाच प्लायचं, ते ठरलं फोनवर. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी 2020 पासून असून 45 दिवसांनंतरचं बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागायला लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठी असलेल्या सुविधा परिषदेकडेही गेला नाहीत. पावणेतीन वर्षं "देतो देतो" ऐकत बसलात. एवढी भोकं असताना 1 लाख 20 हजार अगदीच वाईट नाहीत, असं माझं मत.

आजच भाच्याला कळवा, की मामांनी तारखेला स्वतः कोर्टात यावं, तडजोडीची पुरसिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) तयार आहे. मामा आले नाहीत आणि त्यांच्या वकिलानं "बोलणी चालू आहेत" म्हणून पुढची तारीख मागितली, तर तुमच्या वकिलाला लेखी हरकत घ्यायला सांगा आणि त्या दिवशी सरतपासणीचं, म्हणजे तुमच्या स्वतःच्या साक्षीचं, शपथपत्र तयार ठेवा.