वाचकांचे प्रश्न: पोरं लिहितात, पण दाखवत नाहीत

प्रश्न: ताई, मी सातवीच्या वर्गाला भाषा शिकवते. मागच्या महिन्यात एका मुलीने निबंधात आजोबांच्या चष्म्याबद्दल इतकं सुरेख लिहिलं होतं की मी उत्साहात तो वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. कोणी हसलं नाही, उलट टाळ्या वाजल्या. पण तेव्हापासून ती पाच ओळींच्या वर लिहीतच नाहीये. बाकीचेही मार्कांपुरतं लिहितात. यांना लिहितं कसं करू?

उत्तर: मॅडम, टाळ्या वाजल्या हे खरंय, पण तिने ते तुमच्यासाठी लिहिलं होतं, अख्ख्या वर्गासाठी नाही. बारा-तेराच्या वयात चारचौघांत उघडं पडायची भीती फार मोठी असते, आणि कौतुकानेसुद्धा माणूस उघडं पडतंच. तेव्हा आधी तिला बाजूला घेऊन सांगा की तुला न विचारता वाचलं, चुकलं माझं. एवढंच. लगेच "मग आता लिहिशील ना" असं विचारू नका. हे मी अनुभवाने सांगतेय, मीसुद्धा एका मुलाची कविता अशीच न विचारता फळ्यावर लिहिली होती आणि वर्षभर त्याने मला दुसरी दाखवली नाही.

यापुढे वर्गात एक नियम करून टाका, ज्या पानाचा कोपरा दुमडलाय ते पान कोणीही वाचायचं नाही, तुम्हीसुद्धा नाही. तो नियम तुम्ही खरंच पाळता की नाही हे पोरं दोन-तीन आठवडे बघत राहतात, आणि एकदा खात्री पटली की हळूहळू दुमडलेले कोपरे आपोआप उघडायला लागतात. (एखादं मूल खूप दिवस गप्प-गप्प दिसलं तर मात्र वही न उघडता त्याच्याशी बोला.)

दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहताना डायरी लिहिणाऱ्या ॲन फ्रँकचंच बघा. १९४२ च्या जूनमध्ये तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या वहीत ती लिहायला लागली. छापील डायरीत २० जूनच्या तारखेखाली तिने लिहिलंय की तेरा वर्षांच्या शाळकरी मुलीच्या मनातलं पुढे कुणाला वाचावंसं वाटणार. मग १९४४ मध्ये रेडिओवर ऐकलं की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या गोळा करणार आहेत, आणि तिने आपणहून सगळं पुन्हा लिहायला घेतलं, काही गाळलं, काही वाढवलं. लाल पेन घेऊन कोणी मागे बसलं नव्हतं, वाचणारं कोणीतरी असेल ही कल्पनाच पुरली, आणि दाखवायचं की नाही हे तिच्या हातात होतं म्हणून ती नेटाने बसली.

तर वाचक द्या, पण लहानातला लहान. आधी शेजारी बसणारा एकच जण, त्याने दोनच गोष्टी सांगायच्या, कुठली ओळ लक्षात राहिली आणि कुठे अजून ऐकावंसं वाटलं. "छान आहे" म्हणायला बंदी, कारण त्यातून लिहिणाऱ्याला काहीच मिळत नाही. महिन्याभराने चौघांचा गट करा. वर्गासमोर वाचायला ज्याला स्वतःला यायचंय त्यानेच यायचं. मुलांच्या लेखनाचे अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड ग्रेव्हज आणि जेन हॅन्सन यांनी १९८३ साली लेखकाच्या खुर्चीबद्दल लिहिलं होतं, वर्गात एक खुर्ची ठेवायची, लिहिणारं मूल त्यावर बसून वाचणार आणि बाकीचे त्याला प्रश्न विचारणार. ते अगदी लहान मुलांसाठी होतं पण सातवीतही चालतं, फक्त खुर्चीवर बसायची सक्ती नको. आणि पहिल्यांदा तुम्ही बसा, तुमचा खाडाखोड केलेला कच्चा मसुदा घेऊन. बाईंनापण एका झटक्यात जमत नाही हे दिसलं की निम्मं दडपण तिथेच उतरतं.

प्रश्न: माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. गेममधल्या राक्षसांच्या गोष्टी पानंच्या पानं लिहितो, पण ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. दुरुस्त करायला गेलं की वही ओढून घेतो. काय करावं?

उत्तर: दादा, पानंच्या पानं लिहितोय ही फार मोठी गोष्ट आहे, ती आधी सांभाळा. राक्षस असू देत, लढाईचं वर्णन करताना आधी काय, मग काय, वाचणाऱ्याला कुठे थांबवून ठेवायचं हे सगळं तो शिकतच असतो. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन या अमेरिकन संशोधकांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांच्या लेखनावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात नुसतं सुटं व्याकरण घोटून घेतल्याने लेखन सुधारलेलं दिसलं नाही, पण मुलांनी एकमेकांच्या मदतीने आखणी, मसुदा आणि दुरुस्ती केली की चांगलंच सुधारलं. म्हणून पहिल्यांदा गोष्ट फक्त ऐका. ऐकून झाल्यावर खरा प्रश्न विचारा, राक्षसाला दार कसं सापडलं वगैरे. शुद्धलेखन शेवटी, तेही एका वेळी एकच चूक घ्या, आणि तो गोष्ट कोणाला तरी द्यायला निघाला असेल तेव्हाच, कारण तेव्हा ती नीट वाचता यावी असं त्यालाच वाटत असतं.

आणि एक, त्याच्या गोष्टीचा फोटो काढून नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकायचा मोह होईल. त्याला विचारा. नाही म्हणाला तर वही बंद करून परत द्या.