म्हशींची खुरं आणि गव्हाची पांढरी पानं: आधी मिनरल मिक्श्चरची पिशवी वाचा

पंजाबात होशियारपूरकडे करारावर जमीन घेतलीये, म्हशींची खुरं फुटतायत, शेपटीचे केस गळतायत आणि गव्हाची कोवळी पानं पांढरीफक्क, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. मी नवांशहरजवळ डेअरी सांभाळायचो तेव्हा अगदी हेच. सेलेनियमचा संशय घ्याच, म्हणजे मातीतून चाऱ्यात येणारं, जास्त झालं की विषारी ठरणारं मूलद्रव्य. (मी जनावरांचा डॉक्टर नाही, औषध त्यांनाच विचारा.)

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते एका सरकारी ऑफिसचं उत्तर. भाताच्या पेंढ्यावरची बुरशी, देगनाला (म्हशींची खुरं-शेपटी सडण्याचा रोग) आहे म्हणाले, वर मिनरल मिक्श्चर वाढवायला सांगितलं. त्या पिशवीवर घटकांत सेलेनियम लिहिलेलं होतं! आधीच चाऱ्यातून जास्त जातंय आणि वरून आपण पैसे देऊन तेच खाऊ घालतोय. देगनालाचं कारण बुरशी असू शकते हे मान्य, पण चारा तपासायला कोणी सांगितलंच नाही, माती परीक्षणात नत्र-स्फुरद-पालाश, जस्त, लोह, सगळं ठीक. सेलेनियम त्यात बघतच नाहीत हो! अजून आठवलं की संताप येतो.

म्हणून चारा आणि भुसा तपासा, सेलेनियम किलोला ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तो एकटा घालू नका, बाहेरगावचा मिसळा. नुसत्या मातीतल्या आकड्यावरून पिकात किती उतरेल ते कळत नाही. तिकडची जमीन अल्कधर्मी, त्यात सेलेनियम सेलेनेट (त्याचं विरघळणारं रूप) होऊन विरघळतं आणि गंधकाच्याच वाटेने मुळांत शिरतं. म्हणूनच जिप्सम घाला, हेक्टरी साधारण एक टन, त्यातलं गंधकाचं सल्फेट ही वाट अडवतं. डीएपी खताऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट वापरलं तर थोडं गंधक तसंही जातं. मोहरी मात्र चाऱ्याला नकोच, ती सेलेनियम फार ओढते.

आणि हे आपोआप संपेल असं समजू नका. मूळ शिवालिक डोंगरांतून आलेला गाळ, पण भातासाठी उपसलेल्या ट्यूबवेलच्या पाण्यातूनही दर हंगामात भर पडते, भुसा म्हशीला आणि शेण परत शेतात, म्हणजे फिरून तिथेच. फिनलंडमध्ये उलटं, जमिनीत ते कमी, म्हणून तिथे १९८०च्या दशकापासून खतातच सेलेनियम घालतात आणि दरवर्षी घालावं लागतं, कारण उरलेलं मातीत अडकून बसतं.

घरी खायचा गहूही तपासाच. बुलढाण्यात शेगावकडे माणसांचे केस गळाले तेव्हा महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडेच बोट दाखवलं होतं. ट्यूबवेलच्या पाण्याचा रिपोर्ट आला की इथे टाका, मग भात ठेवायचा की मका घ्यायचा ते बोलू.